ज्याने रंग पाहिला

शुगर लँड, टेक्सस
बुधवार, १५ ऑक्टोबर १९८६

डबा परत आला. दोरा तोच, गाठ तीच, माझ्याच हातची. उघडलासुद्धा नाहीस. चाळीस पापड होते, उडदाचे. दोन दिवस गाडीच्या टपावर वाळवले. ही म्हातारी गाडीला काय थापते म्हणून शेजारीण पडद्याआडून बघत होती. ते तिकडे ओहायोला गेले आणि तसेच मागे आले. आतून खुळखुळ वाजतंय, म्हणजे निम्म्यांचा चुरा झाला असणार. तुझा राग खरा असेल, पण अन्नावर राग काढायला मी तुला शिकवलं नव्हतं. तुझ्या काकांनी एवढ्यावर तुला उपाशी निजवलं असतं.

आता आशीर्वाद. चि. प्रल्हाद, तुला, सुमेधाला आणि मी अजून न पाहिलेल्या तुझ्या लेकीला काकूचे आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहेत. खुशाल आहेत असं लिहायची रीत असते, पण आज मी रीत पाळायला बसलेली नाही.

ऑक्टोबर निम्मा झाला तरी इथला घाम थांबत नाही. आमच्या रस्त्यावर सात घरांपुढे विकायच्या पाट्या लागल्यात. तेलाचा भाव पडला तशी माणसं किल्ल्या बँकेत टाकून निघून जातात. समोरच्यांनी जाताना कुत्रं नेलं, बाकी सगळं इथंच. गिरीशच्या कारखान्यात तीन पाळ्यांची एक राहिली. तुझी वीणावहिनी दवाखान्याच्या लॅबमध्ये जाते, येते, स्वयंपाक करते. दीपा चौदाची झाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि इंग्रजीत रागावलं की मराठीत रडते. परवा मला म्हणाली, "आजी, व्हाय डझन्ट बाबा टॉक टू प्रल्हाद काका?" मी म्हटलं, बाबाला विचार. म्हणाली, "आय डिड. ही वेन्ट टू द गराज."

डबा आला तेव्हा गिरीश घरातच होता. म्हणाला, "आई, मी सांगितलं होतं. तो घेणार नाही."

"पत्त्यावर अक्षर कुणाचं होतं?"

"माझंच. तुला कुठे इंग्रजी येतं?"

"मग बरोबर केलं त्यानं."

गिरीश उठून गॅरेजमध्ये गेला. आता या घरात नको तो विषय निघाला की तो गॅरेजमध्ये जातो. तर वर तुला जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. अन्नाचं तेवढं ठेव.

दसरा झाला. खंडेनवमीला तुझ्या काकांचा हातोडा पाटावर मांडला. आठवतो ना? मी येताना कपड्यांत गुंडाळून आणला होता आणि विमानतळावर त्या साहेबानं वर धरून विचारलं होतं, हा कशाला? तू म्हणालास, "हर हजबंड." तो बिचारा घाबरला. पहिली तीन वर्षं तुम्ही दोघं या हातोड्यासमोर एकाच पाटावर बसायचात, रेटारेटी करत, एक पस्तिशीचा घोडा आणि एक तिशीचा. तू गेल्यापासून गिरीश बसत नाही. एका वर्षी मीटिंग होती, दोनदा ताप होता. यंदा सबब नव्हती. मी कुंकू लावलं, हाक मारली. तो फ्रिजचं दार उघडून उभा राहिला. पाणी घेतो म्हणाला. फ्रिज थरथरायला लागला तरी दार उघडंच. पाणी काही घेतलं नाही.

मी तिसरी शिकलेली बाई. पण लोहाराची सून, लोहाराची बायको. एकवीस वर्षं भाता ओढलाय. गिरीशला वाटत असेल, आईला लोखंडातलं काही कळत नाही.

मी अमेरिकेत आले त्या वर्षी तुम्हा दोघांच्या कारखान्यानं घरच्या माणसांना बघायला बोलावलं होतं. गिरीश पुढे सांगत चालला होता आणि तू माझा दंड धरून होतास, कारण जमिनीवर तेल होतं. तिथे तेलाच्या विहिरीत सोडायचे पाइप होते. पाइपाचं टोक आणि त्याच्या मापाचा जाड तुकडा समोरासमोर. एक घट्ट धरलेला, दुसरा गरगर फिरणारा. फिरता फिरता तो याच्या अंगावर दाबला. विस्तव नाही, कोळसा नाही, भाता नाही. नुसत्या घासण्यानं दोघांच्या मध्ये लाल झालं, मग पिवळं, आणि मऊ लोखंड चहूबाजूंनी बाहेर वळलं, करंजीच्या मुरडीसारखं. मग फिरणं थांबलं. दाबणं नाही थांबलं.

मी विचारलं, "वितळलं नाही, तरी चिकटलं?"

गिरीश म्हणाला, "वितळू द्यायचंच नाही, आई. कणकेसारखं झालं की दाबायचं."

"आणि सांधा तुटला तर?"

"सांधा नाही तुटत. सांध्याच्या शेजारचं तुटतं. ते तापतं आणि पटकन गार होतं, मग काचेसारखं कडक होतं. म्हणून तो पट्टा पुन्हा तापवायचा. इथल्या अंशांत बाराशे. तिथे नेऊन धरून ठेवायचा. मग त्याचा कडकपणा उतरतो आणि चिवटपणा येतो."

तू माझ्या कानाशी म्हणालास, "काकू, आपण कुऱ्हाडीला पाणी देऊन मग शेक द्यायचो, तेच हे." मला हसू आलं. एवढी विमानं बदलून तुम्ही दोघं आपल्याच भट्टीपाशी येऊन बसला होतात.

आपल्या भट्टीतल्या एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगते. तुला ऐकून ठाऊक आहे, पण तुझ्या बापानं ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली. पातं लाल करून पाण्यात बुडवलं की त्याला पाणी चढतं, कडक होतं. तेवढ्यावर गिऱ्हाइकाला देत नाहीत. घासून पांढरं करतात आणि मागून हळूहळू शेक देतात. मग त्यावर रंग चालत येतो. आधी पिकल्या काडीचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग मोरपिशी. कुऱ्हाड असेल तर जांभळा धारेपाशी पोचेपर्यंत थांबायचं. त्या दिवशी बाजार होता, गर्दी होती. तुझ्या काकांनी काडीच्या रंगावरच सांडशी उचलली आणि म्हणाले, "झालं." तुझ्या बापानं दांडा बसवला आणि आपला ठसा मारला. ठशाचं काम त्याच्याकडे असायचं.

आठव्या दिवशी धारेचा टवका उडाला आणि शिवराम माळ्याचा डोळा गेला. माणसं कुऱ्हाड घेऊन दारात आली. ठसा बघितला आणि तुझ्या बापाला धरलं. तो भला माणूस, म्हणाला, "माझाच ठसा आहे." तुझे काका आतून आले. म्हणाले, "तू गप. घण कुणीही मारू दे, ठसा कुणीही मारू दे. रंग मी बघितला होता." मग दीड महिना माळ्याच्या घरची लाकडं रोज सकाळी जाऊन फोडून दिली. डोळा काही आला नाही. पण त्या घरचं नांगराचं काम तुझे काका मरेपर्यंत आपल्याच भट्टीवर आलं.

तुझा बाप ही गोष्ट सांगताना शेवट गाळायचा, कारण त्याला मोठ्या भावाची चूक सांगायची नसायची. तूही बापावरच गेलास.

इथवर लिहून उठले होते. भात लावला, दीपाला खायला दिलं. आता पुढचं. पुढचं मी तीन वर्षं लिहिलेलं नाही.

कारखान्यात त्या पुन्हा तापवण्याच्या यंत्राला एक पेन असायचं आणि त्याखाली फिरणारा गोल कागद. ताप किती चढला ते पेन रेघेनं लिहायचं. पाळीला एक कागद. जुने झाले की ते फेकायचे, आणि गिरीश ते मला आणून द्यायचा, कारण पापडांच्या मध्ये घालायला याहून चांगला कागद नाही. जाड, गोल, पापडापेक्षा बोटभर मोठा. तूच म्हणायचास, काकूंचे पापड इन्स्पेक्शन होऊन येतात. असे शेकडो कागद माझ्या हाताखालून गेले. मला त्यातलं इंग्रजी येत नाही. पण रेघ दिसते. शेकडो कागदांवर ती एकाच कड्यावरून, बाराशेच्या, फिरलेली, रांगोळीसारखी. आणि आकडे मी ओळखते. फोन फिरवायला शिकवलेत तुम्हीच.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये तेलाच्या विहिरीवर तुमच्या कारखान्यातला एक पाइप तुटला. सांध्याच्या शेजारीच. एक माणूस गेला. त्याचं नाव मला म्हणता येत नाही. पेपरातला फोटो पाहिलाय. कान मोठे होते, आणि कडेवर पोर होतं.

त्याच आठवड्यात गिरीशनं एक गोल कागद आणून मला दिला. एकच. म्हणाला, "आई, हा जाळून टाक."

या घरात कागद जाळायचा कुठे? चूल नाही. शेगडी म्हणजे एक लाल वेटोळं, आणि जरा धूर झाला की छताला लावलेलं ते यंत्र किंचाळतं. आणि धड कागद जाळायची मला सवय नाही. मी तो पापडाच्या डब्याच्या तळाशी घातला. घालताना पाहिला. त्यावरची रेघ नेहमीच्या कड्यावर नव्हती. आतल्या कड्यावर होती, नऊशेच्या. सबंध पाळी नऊशेवरच. आणि तारीख होती एक्क्याऐंशीच्या जुलैची, तेलवाले पाइपांसाठी दारात उभे होते तेव्हाची.

काडीच्या रंगावर सांडशी उचलली, हे मला तिथेच कळलं.

त्यानंतर चार दिवसांनी तू आलास. मी ओट्याशी पापड लाटत होते. तू बसला नाहीस. उभ्या उभ्या सगळं सांगितलंस. पाइप कडक लागत होते, तू गिरीशदादाला सांगितलंस, दादा म्हणाला शेक कमी केलाय, माल वेळेत जायला हवा, तू इन्स्पेक्टर, तू शिक्का मार. तू मारलास. आता शिक्का तुझा, त्या पाळीचा कागद फाइलीत नाही, आणि दादा म्हणतो मला काही आठवत नाही. मग तू विचारलंस, "काकू, दादानं एखादा गोल कागद घरी आणलाय का?"

माझ्या कोपराला डबा टेकलेला होता.

मी म्हटलं, "मला अडाणी बाईला काय कळतंय तुमच्या कागदांतलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं. चहासुद्धा न घेता गेलास. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवला, तीन वर्षांचा होतास, आणि माझ्या दारातून तू कधी रिकाम्या पोटी गेला नव्हतास. आठवड्यानं तुला कामावरून काढलं आणि तू ओहायोतल्या त्या डब्लिनला गेलास. इंजिनियर माणूस, आता हॉटेलाचा बॉयलर सांभाळतोस असं कळलं.

माणसं शिकली की खोटं बोलायला त्यांना शिक्षण उपयोगी पडतं. मला माझा अडाणीपणा पडला. पोटच्या पोरासाठी केलं असं म्हणता येईल. खरं तर त्याच्या घरात राहते म्हणून केलं. या वयात कुठे जायचं, असा हिशेब मी लाटणं न थांबवता केला.

गिरीशनं रंग पाहिला आणि झालं म्हणाला. तो कागद पाहिल्यावर मीही रंग पाहिला, आणि मीही झालं म्हणाले. तेव्हा दोष माझ्यावरही आहे.

आता वीस नोव्हेंबरला तुला ह्यूस्टनला जबानीला बोलावलंय असं वीणा म्हणाली. गिरीशलाही बोलावलंय. त्या माणसाच्या बायकोनं दावा लावलाय आणि कारखान्याचे वकील म्हणतात, चूक इन्स्पेक्टरची, म्हणजे तुझी. शपथ घेऊन बोलायचं आहे. वीणा मला म्हणाली, "आई, प्लीज, तुम्ही यात इन्व्हॉल्व्ह होऊ नका. या दिवसांत त्यांचा जॉब गेला तर दुसरा कुठे मिळणार? घराचं काय?" ती वाईट बाई नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. समोरच्या घराच्या पाटीकडे बघतच बोलत होती.

त्या दिवशीच मी पापड लाटायला घेतले.

आता तुला कळलं असेल, त्या डब्यात काय होतं. चाळीसाव्या पापडाखाली, तळाला. गिरीशनं स्वतःच्या हातानं पत्ता लिहून तो तुला पाठवला, आत काय आहे ते ठाऊक नसताना. मला वाटलं, मी मोठी हुशार. तू उघडशील, कागद वकिलाला देशील, आणि माझं तोंड मला उघडावं लागणार नाही. डबा परत आला तेव्हा आधी तुझा राग आला आणि मग लाज वाटली. पापडाखाली दडवून पाठवलं म्हणजे तेही दडवणंच. तुझे काका माळ्याच्या घरी उजेडात गेले होते, गावातून चालत.

म्हणून आता हे पत्र. पत्ता मला लिहिता येत नाही. दीपाला येतो, पण पोरीच्या हातून बापाविरुद्धचं पाकीट लिहून घेणार नाही. पाकीट मी उघडंच गिरीशच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे, आधी वाच. मग पत्ता लिही किंवा लिहू नकोस. तू हे वाचतोयस त्याअर्थी त्यानं लिहिला. पाकिटाच्या कोपऱ्यात मी मराठीत 'काकू' लिहिलंय, म्हणजे अक्षर बघून तू पुन्हा मागे धाडणार नाहीस.

तुला एवढंच सांगते. शिक्का तू मारलास. पाइप कडक आहे हे कळत असताना मारलास. दादा म्हणाला म्हणून मारलास हे खरं, तरी हात तुझा होता. त्याचं तू बोल, तेवढंच बोल. बाकीचं अंगावर घेऊ नकोस. बापासारखा भला होऊ नकोस. भल्या माणसांच्या आड आमच्यासारखी माणसं लपतात.

मला माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायची तर तोंडावर मागावी. वीस तारखेला येशील तेव्हा या घरी जेवायला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी पान वाढून ठेवीन. चुरा झालेले पापडच तळीन, नवे लाटणार नाही.

लेकीच्या कपाळावर माझा हात.

तुझी काकू,
भागीरथी

गिरीश, इथवर वाचलंस. तो कागद मी जाळला नाही, हे आता तुला कळलं. डब्यातून काढून तुझ्या बापाच्या हातोड्याखाली ठेवलाय. फाडायचा असेल तर माझ्यासमोर फाड. मग वीस तारखेला मी येईन, दुभाष्या मागेन आणि रेघ कुठल्या कड्यावर होती ते तोंडानं सांगेन. न्यायचा असेल तर तूच ने आणि तुझ्या हातानं दे. पोस्टाची तिकिटं वीणाच्या खणात आहेत. पत्ता लिही.

या पत्राला प्रल्हादनं उत्तर द्यायचं नाही. वीणानं नाही, वकिलानं नाही. रंग तू पाहिलास. उत्तर तू द्यायचं.